सौंदर्यासाठी सुई, पण कोणाच्या हातची?

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात २०१८ च्या उन्हाळ्यात चाळिशीतील एका महिलेला एचआयव्हीची लागण झाल्याचे आढळले, तेव्हा आरोग्य खाते बुचकळ्यात पडले. अमली पदार्थांचे इंजेक्शन नाही, रक्त चढविलेले नाही, जोडीदाराची चाचणीही निर्दोष. त्या वसंत ऋतूत एका स्पामध्ये घेतलेले ‘व्हॅम्पायर फेशियल’ हा एकच धागा हाती होता. त्यावरून झालेल्या तपासाचा अहवाल तेथील रोग नियंत्रण केंद्राने एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. या स्पामध्ये तीन महिलांना लागण झाली असावी, असा त्याचा निष्कर्ष आहे. सौंदर्योपचाराच्या सुईतून एचआयव्ही पसरल्याची ही पहिलीच नोंद.

हा उपचार मुळात गूढ नाही. स्वतःचेच रक्त काढून ते यंत्रात वेगाने फिरवायचे, त्यातील प्लेटलेटयुक्त द्रव वेगळा करायचा आणि बारीक सुयांनी चेहऱ्याला असंख्य छिद्रे पाडून तो त्वचेत मुरवायचा. जखम भरताना शरीर नवे कोलॅजन तयार करते आणि त्वचा उजळ, घट्ट दिसू लागते, हे त्यामागील तर्कशास्त्र. परिणाम मात्र व्यक्तीगणिक बदलतो. किम कार्दशियनने २०१३ मध्ये आपला रक्ताळलेला चेहरा जगाला दाखविला आणि या उपचाराला भलतेच वलय लाभले.

स्पाच्या पाहणीत दिसलेले चित्र या वलयाशी विसंगत होते. स्वयंपाकघरातील फ्रिजमध्ये अन्नाशेजारी नाव नसलेल्या रक्ताच्या नळ्या होत्या, तर खणांत उघड्या सिरिंज पडलेल्या. ग्राहकांची धड नोंदही नव्हती. संमतीपत्रे, हस्तलिखित टिपणे आणि फोनमधील क्रमांक जुळवून तपास पथकाला यादी करावी लागली. स्पा २०१८ मध्येच बंद झाला. परवान्याविना वैद्यकीय व्यवसाय केल्याची कबुली मालकिणीने २०२२ मध्ये दिली आणि तिला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली.

दोष उपचारपद्धतीचा की हाताळणीचा, हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो. निर्जंतुक, एकदाच वापरावयाची सुई आणि ज्याचे त्याचे रक्त एवढी दक्षता घेतली असती, तर हा अनर्थ टळला असता. परंतु फेशियल म्हटले की ग्राहकाला पार्लर आठवते, शस्त्रक्रियागृह नव्हे. दवाखान्यात नवी सुई मागणारे आपण सुगंधी, मंद प्रकाशाच्या खोलीत मात्र प्रश्न विचारायला संकोचतो. लेप वा मसाज त्वचेच्या वर थांबतो. सुई रक्तापर्यंत पोहोचते आणि त्या क्षणी सौंदर्यसेवा संपून वैद्यकीय उपचार सुरू होतो.

ही सीमारेषा आपल्याकडेही पुसट झाली आहे. लग्नसराईच्या ‘पॅकेज’मध्ये केशरचनेच्या शेजारीच सुयांचे उपचार विकले जातात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने केशरोपण व सौंदर्यविषयक शस्त्रक्रियांसंबंधी २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. यूट्यूबवरील चित्रफिती किंवा कार्यशाळा पाहणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे, असे त्यात बजावले गेले. तथापि सूचना कागदावर असतात आणि पार्लर गल्लोगल्ली. तक्रार आल्यावर जागे होणारी यंत्रणा येथे अपुरी आहे, कारण चेहरा बिघडला तरी लाजेपोटी तक्रार करणारे थोडेच आणि शरीरात शिरलेला विषाणू तर वर्षानुवर्षे लक्षणेही दाखवीत नाही.

म्हणूनच सुई वापरणाऱ्या प्रत्येक केंद्राची नोंद, अचानक तपासणी आणि ग्राहकांच्या नोंदवह्यांची सक्ती आवश्यक आहे. ग्राहकानेही डॉक्टरचा वैद्यक परिषदेतील नोंदणी क्रमांक विचारावा, सुईचे पाकीट आपल्यासमोर फोडायला लावावे आणि रक्ताच्या नळीवर आपले नाव लिहिलेले पाहूनच पुढे जावे. यापैकी एकाही मागणीवर जेथे कपाळाला आठ्या पडतात, तेथून उठून येणेच शहाणपणाचे.