विश्लेषण : चार सामने, एक पैज... १०० रुपयांचे १,३०३ होतात कसे आणि बुडतात कसे?

क्रिकेटचा हंगाम सुरू झाला की ‘शंभर लावा, हजार न्या’ अशी आमिषे मोबाइलवर फिरू लागतात. अशा आमिषांमागे अनेकदा ‘मल्टी-बेट’चे गणित असते. ते नेमके काय आहे, आणि त्यात बुकीचा वाटा कसा वाढत जातो?

मल्टी-बेट म्हणजे काय?

अनेक सामन्यांचे अंदाज जोडून लावलेली एकच पैज. हिला ‘अक्युम्युलेटर’ किंवा ‘पॅरले’ असेही म्हणतात. सगळे अंदाज बरोबर आले तरच पैसे मिळतात. एक जरी चुकला, तरी पूर्ण रक्कम जाते.

हिशेब कसा होतो?

भावांचा गुणाकार करून. १.९० भाव म्हणजे १०० रुपये लावून जिंकल्यास मूळ रकमेसह १९० रुपये. समजा, सक्करदऱ्यातील एखाद्या तरुणाने चार सामन्यांवर प्रत्येकी १.९० भावाने १०० रुपयांची एकच पैज लावली. १.९० चा चार वेळा गुणाकार केला की १३.०३ येतात. म्हणजे परतावा १,३०३ रुपये, निव्वळ नफा १,२०३.

मग बुकीचा फायदा कुठे?

दोन्ही संघ तुल्यबळ असतील, तर एक अंदाज बरोबर येण्याची शक्यता दोनात एक आणि चारही बरोबर येण्याची १६ मध्ये एक. या जोखमीचा योग्य परतावा १,६०० रुपये हवा. मिळतात १,३०३. एका सामन्याच्या पैजेत बुकीकडे सरासरी शंभरामागे ५ रुपये राहतात; चार सामन्यांच्या पैजेत साडेअठरा आणि दहा सामन्यांच्या पैजेत सुमारे ४०. दहा सामन्यांचा परतावा ६१ हजारांवर दिसतो खरा, पण जिंकण्याची शक्यता १,०२४ मध्ये एक असते.

पावसामुळे सामना रद्द झाला तर?

बहुतेक ठिकाणी त्या सामन्याचा भाव १ धरतात. वरच्या उदाहरणात तीनच सामने उरतात आणि परतावा १,३०३ वरून ६८५ रुपये ९० पैशांवर येतो.

एखादा अंदाज चुकला तरी पैसे मिळतात का?

तसा ‘सिस्टीम बेट’ हा प्रकार आहे. चार सामन्यांच्या सहा जोड्या होतात. प्रत्येक जोडीवर १०० याप्रमाणे ६०० रुपये लागतात. एक जोडी जिंकल्यास ३६१ रुपये मिळतात. तीन अंदाज बरोबर आले, तर तीन जोड्या जिंकून १,०८३ रुपये हाती येतात. दोनच बरोबर आले, तर ३६१ मिळूनही २३९ रुपयांचा तोटा होतो. पैसे एकदम बुडण्याचा धोका कमी होतो, पण बुकीचा वाटा कायम राहतो : शंभरामागे सुमारे पावणेदहा रुपये.

जिंकलेले पैसे मिळण्याची हमी असते का?

नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करार रद्दबातल ठरतो. त्यामुळे ॲपवर दिसणाऱ्या रकमेसाठी न्यायालयात दावा करता येत नाही. ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन आणि नियमन कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्यांना त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. या केंद्रीय कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. मात्र बुडालेली रक्कम परत मिळेल, असा त्याचा अर्थ होत नाही.

नागपूरचा अनुभव काय सांगतो?

जुलै २०२३ मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात सुमारे ५८ कोटी रुपयांची फसवणूक झाल्याची तक्रार पोलिसांत दिली. तपास गोंदियापर्यंत गेला आणि तेथील छाप्यात कोट्यवधींची रोकड व सोने सापडले. मल्टी-बेटचा गुणाकार कागदावर चोख असतो. पण भाव ठरवणारा, हिशेब ठेवणारा आणि पैसे देणारा एकच असेल, तर जिंकलेल्यालाही त्याच्याच मर्जीवर अवलंबून राहावे लागते.