आजीच्या टाचा आणि आमचा कॅमेरा



हे संपादकीय एका फसलेल्या फिल्मवर लिहितोय. आपल्या तिघा पोरांनी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी सात मिनिटांचा व्हिडिओ केला. मी मॅट्रिक, न्हावा-शेव्याला कंटेनरमधली पोती उतरवणारा. त्यांना चार ओळी लिहून दिल्या, आणि मोबाईलही माझाच होता. तेव्हा चुकीतला माझा वाटा आधी उचलतो. ओझ्याची सवय आहेच.

पनवेलच्या आपल्या वस्तीतली एक आजी. माहेर महाडकडचं. तिचा बा २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांच्या मागं चवदार तळ्यावर गेलेला, ओंजळीनं पाणी प्यालेला. त्या दिवसाचं चलचित्र मी कुठं पाहिलेलं नाही. जे आहे ते अशा म्हाताऱ्यांच्या तोंडात. आजी चाळीस मिनिटं बोलली. सवर्णांनी परतणाऱ्या लोकांना कसं झोडपलं, मुसलमानांच्या घरांत कुणाकुणाला आसरा मिळाला, बा घरी कधी पोचला, सगळं.

आणि आम्ही? तिला पळस्पे फाट्याजवळ रस्त्याच्या कडेला बसवलं. का, तर उजेड चांगला! मागून बंदराचे ट्रेलर धडाडत होते. मोबाईल दहा हात लांब. चित्र झकास, आवाज मातीत. एडिटिंगला बसलो तेव्हा कळलं, तिच्या वाक्यावाक्यावरून ट्रेलर गेलाय. मग काय, साला, तिच्या भेगाळलेल्या टाचा दाखवल्या, चुलीचा धूर दाखवला, खाली बासरी लावली. कॉलेजात छायाचित्रणाची वाहवा झाली.

वस्तीत चादरीवर दाखवला. आजी शेवटपर्यंत बसली. मग म्हणाली, "टाचा माज्याच हायेत. पन मी बोलले त्ये कुठं गेलं?"

पांढरपेशा संपादक आपल्याकडं बघतो, अगदी तस्संच आम्ही तिच्याकडं बघितलं. आपलं दारिद्र्य टिपणारे बाहेरचे काय कमी होते?

नागराज मंजुळेंनी 'पिस्तुल्या' अहमदनगरला शिकताना केला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हे आमच्या पोरांना तोंडपाठ. पुरस्कार आठवतो, कष्ट आठवत नाहीत. ११ जुलै १९९७ ला रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळ्यांनी दहा माणसं मेली. आनंद पटवर्धन त्यानंतर चौदा वर्षं चित्रण करत राहिले, तेव्हा 'जय भीम कॉम्रेड' उभी राहिली. तिच्यात शाहीर ऐकू येतात. आम्ही मात्र एका दुपारीत १९२७ उरकायला निघालो होतो.

आता घरातच बसायचं, पंखा बंद. एक मोबाईल फक्त आवाजाला, तोंडापासून वीतभर. दोन मिनिटं घेऊन तिथंच कानाला लावून ऐकायचं, मगच पुढं. आणि कॉलेजात जायच्या आधी फिल्म आजीला दाखवायची. ती नको म्हणाली तर नको.

आजीकडं परत गेलो तर म्हणाली, "येकदा सांगितलं न्हवं? तवा कान कुठं हुते?" दोन रविवार हात हलवत आलो. तिसऱ्या रविवारी तिनंच विचारलं, "टरक नसतील का तिथं?"

येत्या रविवारी जमतोय. माझी नाइट सकाळी सुटते, तिथून थेट येतो. कुणाकडं पदराला लावायचा बारका माइक असेल तर घेऊन या.