चूक कबूल करणाऱ्याला शिक्षा नको

देशातील शिक्षणसंस्थांच्या ‘एनआयआरएफ’ क्रमवारीत 2025 पासून मागे घेतलेल्या शोधनिबंधांसाठी गुण कापले जाऊ लागले. बोगस संशोधनाला चाप बसलाच पाहिजे. पण निबंध मागे घेतला जातो तो नेहमी लबाडीमुळेच असे नाही. प्रामाणिक चुकीमुळेही घेतला जातो. प्रकाशन-नीती ठरवणारी ‘कोप’ ही आंतरराष्ट्रीय समिती सांगते, की मागे घेण्याचा हेतू लेखकाला शिक्षा करणे नसून ज्ञानातील चूक दुरुस्त करणे हा आहे. दोन्हींना एकच दंड लावला, तर संस्था चुका झाकायलाच शिकतील.

चौकशीचेही तसेच. पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समधील 2005 चा निबंध अमेरिकी नियतकालिकाने 2007 मध्ये मागे घेतला. त्याआधी संस्थेच्या एका समितीला त्यात दोष दिसला, तर दुसऱ्या समितीने क्लीन चिट दिली. मग विश्वास कोणावर ठेवायचा?

नवी मुंबईतून पीएचडीपर्यंत पोहोचलेली आपली मुलेमुली बहुधा घरातली पहिली संशोधक असतात. निबंधावर नाव गाइडचेही, पण खापर विद्यार्थ्यावर फुटू शकते. म्हणून आमची मागणी : चौकशी अहवाल जाहीर करा, चूक आणि लबाडी वेगळी मोजा, विद्यार्थ्याचे म्हणणे ऐका.

वर्षावासाच्या शेवटी भिक्खू पवारणेत संघाला आपले दोष दाखवण्याची विनंती करतात. विद्यापीठांनी एवढे तरी शिकावे.