प्रामाणिकपणाची हमी घ्या, गप्प राहण्याची नको

विद्यापीठात प्रवेश घेताना विद्यार्थ्याकडून हमीपत्र भरून घेतात. ७५ टक्के हजेरी ठेवीन, कॉपी करणार नाही, संस्थेची बदनामी होईल असे वागणार नाही. मुले बहुधा न वाचताच सही करतात. पत्रकारितेच्या विद्यार्थ्याने मात्र ते ओळीओळीने वाचावे. त्यातली काही कलमे त्याच्या पेशाचा पाया आहेत, तर काही त्याच पेशाच्या मुळावर येणारी.

आधी वाङ्मयचौर्य घेऊ. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली याबाबत विनियम केले. १० टक्क्यांपर्यंत साम्य चालते. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा सादर करायचे, ४० ते ६० असेल तर वर्षभर सादर करता येत नाही, त्याच्याही वर गेले तर नोंदणीच रद्द. ऐकायला कडक आहे. पण हे प्रबंध, शोधनिबंध, पुस्तके अशा लिखाणासाठी. असाइनमेंट, प्रकल्प अहवाल, निबंध आणि उत्तरपत्रिका या विनियमांच्या व्याख्येतूनच वगळल्या आहेत. पत्रकारितेचा विद्यार्थी वर्गात मुख्यतः हेच लिहितो. त्यामुळे त्याच्या रोजच्या लिखाणाचा न्याय विभागाच्या नियमांवर, आणि नियम लेखी नसतील तिथे शिक्षकाच्या मर्जीवर राहतो. मर्जीचा अनुभव आपल्या समाजाला नव्याने सांगायला नको.

कुसगावातूनच एक उदाहरण घेऊ. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाची 'मिसिंग लिंक' खोपोलीहून निघून आमच्या कुसगावपाशी येते. लांबी १३.३ किलोमीटर, अंतर सुमारे सहा किलोमीटरने कमी. रस्ते विकास महामंडळाने दिलेले हे आकडे सगळ्या वृत्तपत्रांत जवळपास त्याच शब्दांत छापून आले. विद्यार्थ्याने तोच मजकूर उतरवला तर ती चोरी की पत्रकारिता? आमच्या मते, माहिती कोणाची हे लिहिले नाही तर चोरी. लिहिले तर निदान प्रामाणिक टिपण. बातमी त्यानंतर सुरू होते. जमीन कोणाची गेली, मोबदला कोणाच्या हाती पडला, सुरुंगाचे हादरे कुठल्या वस्तीपर्यंत आले, हे विचारायला कुसगावात पायी फिरावे लागते.

इथेच खरा धोका आहे, आणि नियमावल्या त्याकडे फारशा बघत नाहीत. एखाद्याने वस्तीत न जाताच 'गावातील एका ज्येष्ठ महिलेने सांगितले' असे लिहून चार वाक्ये तिच्या तोंडी घातली, तर साम्य मोजणारे सॉफ्टवेअर शून्य टक्के दाखवील! उतरवलेला मजकूर पकडला जाईल, रचलेला सुटेल. इंग्रजी बातमी मराठीत उलथवली तरी ती सहसा निसटते, आणि जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मराठी मजकूर तर यंत्राला वाचताच येत नाही. आता चॅटजीपीटीमुळे अशी साक्ष काही सेकंदांत तयार होते. तिचा फटका आधी आपल्याच माणसांना बसतो. अत्याचाराच्या प्रकरणात वस्तीच्या तोंडी न बोललेले शब्द आले, तर पुढे तेच तिच्याविरुद्ध वापरले जातात. म्हणून वही, तारीख, मुलाखतीचे रेकॉर्डिंग दाखवायची सक्ती प्रत्येक वर्गात असावी. 'अदिन्नादाना' आणि 'मुसावादा' रोज म्हणणाऱ्या घरातल्या मुलांना हे जड जाऊ नये.

आता दुसरी बाजू. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये एका दलित पीएच.डी. विद्यार्थ्याला दोन वर्षांसाठी निलंबित केले. दिल्लीतील विद्यार्थी मोर्चात सहभाग, आनंद पटवर्धन यांचा 'राम के नाम' बघण्याचे आवाहन, अशी कारणे त्यात होती. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा भोगलेल्या काळापुरती कमी करून त्याला परत घ्यायला सांगितले. दरम्यान त्याच संस्थेने २०२४ मध्येच प्रवेशाच्या वेळी राजकीय, व्यवस्थाविरोधी चर्चा-आंदोलनांत भाग घेणार नाही अशी हमी मागितल्याच्या बातम्या आल्या. तिथे माध्यमांचेही शिक्षण दिले जाते. व्यवस्थेवर बोलणार नाही अशी सही करून पत्रकार कसे घडायचे?

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढले, तेव्हा ते सिडनहॅम कॉलेजात सरकारी नोकरीत होते. संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकरांचे होते. नोकरीच्या नियमांत राहूनही लिहायचे ते त्यांनी लिहिलेच. हे शंभर वर्षांपूर्वीचे, परक्या सरकारच्या काळातले.

हजेरीबद्दलही बोलायला हवे. लोणावळ्याहून पुण्याला लोकलने साठ-पासष्ट किलोमीटर जायचे, दुपारी गाड्या कमी, सायंकाळी घरकाम किंवा हॉटेलातली नोकरी. अशा मुलीची गैरहजेरी आणि कँटीनमध्ये बसणाऱ्याची गैरहजेरी रजिस्टरात सारखीच दिसते. हजेरी माफ करा असे आम्ही म्हणत नाही. वार्तांकनासाठी बाहेर घालवलेले तास, पुरावा तपासून, हजेरीत धरता येतात.

आणि वर्तनाचे नियम फक्त बाकावर बसणाऱ्यांसाठी का? वर्गात आडनाव विचारून हसणे, 'कोट्यातून का?' असे पुटपुटणे हेही गैरवर्तनच. आयोगाच्या २०१२ च्या समता विनियमांत भेदभावविरोधी अधिकारी नेमायला सांगितले होते. ही तरतूद विद्यार्थ्यांच्या हमीपत्राशेजारी छापलेली आम्हाला आजवर दिसली नाही.

यंदाच्या प्रवेशाआधी मावळातल्या विहारांत अशी हमीपत्रे मुलांसोबत बसून वाचावीत, असे आम्ही सुचवतो. चोरी आणि बनावट अवतरणाविरुद्धच्या कलमांवर खुशाल सही करावी. 'बदनामी' या शब्दाचा अर्थ मात्र लेखी विचारावा. आरोप झाला तर बाजू मांडायची संधी कोण देणार, किती दिवसांत, आणि मराठीत बोलता येईल का, हेही त्याच अर्जात विचारावे व पोच घ्यावी.