शेजारच्या आसनावर हक्क कोणाचा?

अमेरिकेतील साऊथवेस्ट एअरलाइन्स या विमान कंपनीने २७ जानेवारी २०२६ पासून प्रवाशांना क्रमांकित आसने देण्यास प्रारंभ केला. १८ जून १९७१ रोजी डॅलस, ह्यूस्टन आणि सॅन अँटोनिओ या टेक्सासमधील तीन शहरांदरम्यान या कंपनीची सेवा सुरू झाली होती. तेव्हापासून विमानात शिरावे आणि मिळेल त्या रिकाम्या आसनावर बसावे, अशीच तिची रीत होती. या मुक्त आसनव्यवस्थेच्या समाप्तीबरोबर एक जुना वादही मागे पडला. मागून येणाऱ्या सोबत्यासाठी शेजारची जागा अडवून ठेवणे शिष्टसंमत आहे काय, हा तो वाद होय.

वरकरणी ही बाब क्षुल्लक वाटते. तथापि, जेथे नियम मौन बाळगतो तेथे माणसे परस्परांशी कसे वागतात, याचा हा एक बोलका नमुना आहे. जागा राखण्यास कंपनीची स्पष्ट परवानगी नव्हती आणि मनाईही नव्हती. परिणामी प्रत्येक उड्डाणात हा प्रश्न प्रवाशांनाच आपसात सोडवावा लागे.

व्यवस्थेचे स्वरूप असे होते. उड्डाणापूर्वी २४ तास चेक-इन खुले होई. त्यानुसार प्रवाशाला ए, बी किंवा सी या गटांपैकी एक गट मिळे आणि २००७ पासून गटाबरोबर रांगेतील क्रमांकही मिळू लागला. ए गटातील प्रवासी प्रथम विमानात जात, तर सी गटातील प्रवाशांच्या वाट्याला बहुधा मधली आसने येत. पती ए गटात आणि पत्नी सी गटात, असे झाले की पती शेजारच्या आसनावर पिशवी ठेवून बसे. मागून येणाऱ्याने विचारणा केल्यास 'सोबतीण येत आहे' हे उत्तर ठरलेले असे.

अलिखित संकेत

या मौनातून काही संकेत आपोआप रूढ झाले. एका सोबत्यासाठी एकच जागा, तीही मधली आणि शक्यतो विमानाच्या मागील भागात, राखल्यास सहसा कोणी हरकत घेत नसे. मधल्या आसनाची अभिलाषा कोणालाच नसल्याने इतरांचे नुकसान होत नाही, हे त्यामागील तर्कशास्त्र होते. याउलट, पुढील रांगा अथवा पाय पसरण्यास अधिक जागा असलेली संकटकालीन दरवाजालगतची आसने अडवणे किंवा एकट्याने संपूर्ण रांग धरून ठेवणे उद्दामपणाचे मानले जाई. सहा वर्षांपर्यंतची बालके असलेल्या कुटुंबांना ए गटानंतर प्रवेश मिळत असल्याने त्यांच्यापुरता हा पेच बराचसा सुटलेला होता.

पैशाचा प्रवेश

वादाला खरी धार आली ती पैशामुळे. रांगेतील चांगला क्रमांक आपोआप मिळवून देणारी सुविधा कंपनीने २००९ मध्ये १० डॉलर शुल्क आकारून सुरू केली आणि पुढे हे शुल्क वाढत गेले. मग चौघांच्या कुटुंबातील एकाने शुल्क भरावे, त्याने पुढे जाऊन उरलेल्या तिघांच्या जागा धराव्यात, अशी युक्ती निघाली. रांग केवळ वेळेवर अवलंबून होती तोवर जागा राखणे हा सौजन्याचा प्रश्न होता. रांगेला किंमत लागताच तो मालमत्तेचा प्रश्न झाला. स्वतः शुल्क भरून आलेल्या प्रवाशाला पिशवीने अडवलेली जागा ही फसवणूक वाटू लागली, आणि त्याची तक्रार निराधार म्हणता येणार नाही.

महाराष्ट्रातील वाचकांस हा प्रसंग अपरिचित नाही. एसटीच्या खिडकीतून आसनावर टाकलेला रुमाल हा त्याच हक्काचा दावा असतो. भारतीय आकाशातही २००३ मध्ये सुरू झालेल्या एअर डेक्कनने मुक्त आसनव्यवस्था आणली होती. मात्र एसटीत रुमाल टाकणारे सारे एकाच पातळीवर असतात. रुमालाचा मान राखला जातो, तो उद्या आपल्यालाही रुमाल टाकावा लागेल या जाणिवेतून. ही समानता संपली की संकेताचा आधारही ढासळतो.

नवा प्रश्न

मुक्त आसनव्यवस्थेतून बाहेर पडणारी साऊथवेस्ट ही पहिली कंपनी नव्हे. युरोपात इझीजेटने २०१२ मध्ये, तर रायनएअरने २०१४ मध्ये हाच मार्ग स्वीकारला होता. बहुसंख्य प्रवाशांना निश्चित आसन हवे आहे, असे कारण साऊथवेस्टने जुलै २०२४ मधील घोषणेवेळी दिले होते. उत्पन्न वाढवण्यासाठी गुंतवणूकदारांचा दबाव होता, हेही तितकेच खरे.

आता पिशवी ठेवून जागा धरण्याचे कारण उरलेले नाही. परंतु सोबत बसण्याची इच्छा कायम आहे. सर्वांत स्वस्त तिकीट घेणाऱ्यास चेक-इनच्या वेळी जे आसन मिळेल ते स्वीकारावे लागते. पसंतीचे आसन हवे असल्यास अधिक पैसे मोजावे लागतात. पूर्वी शेजाऱ्याच्या सौजन्यावर अवलंबून असलेली सोबत आता दरपत्रकावर अवलंबून आहे. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०२४ मध्ये बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना किमान एका पालकाशेजारी आसन देण्याचे निर्देश विमान कंपन्यांना दिले, ते याच पार्श्वभूमीवर.

जागा राखणाऱ्यांत अप्पलपोटे होते, तसेच वृद्ध आईला एकटे बसवू न इच्छिणारेही होते. क्रमांकित आसनांनी पहिल्यांना पायबंद घातला, हे योग्यच झाले. दुसऱ्यांना मात्र आजही कोणा अनोळखी सहप्रवाशाला 'आपण जागा बदलून द्याल का', असे विचारावे लागणार आहे. विचारणाऱ्याने नम्रतेने विचारावे, आपल्याकडील आसन किमान तितकेच चांगले असावे आणि नकार मिळाल्यास तो मुकाट्याने स्वीकारावा. व्यवस्था बदलली तरी शिष्टाचाराची गरज संपलेली नाही.