उठू द्या त्यांना!

उभ्याने राबणाऱ्या माणसाला बसायला मिळाले पाहिजे, हे या देशाच्या कायद्याला १९४८ सालीच कळले होते. कारखाने अधिनियमाच्या ४४व्या कलमाने उभे राहून काम करणाऱ्या कामगारांसाठी बसण्याची सोय मालकावर बंधनकारक केली. पुढे केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये हा न्याय दुकानांपर्यंत नेला. साड्यांच्या दुकानांत दिवसदिवस ताटकळणाऱ्या केरळच्या बायकांनी रस्त्यावर उतरून तो मिळवला. त्यांच्या लढ्याला आमचा मुजरा! पण ज्यांना बसवूनच ठेवले जाते आणि उठू दिले जात नाही, त्यांचे काय? त्यांची बाजू कोण घेणार?

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने सलग कामाची मर्यादा ठरवली पाच तास. पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. पाच तास एका जागी खिळून राहिलेल्या शरीरात काय घडते, याचा विचार हा कायदा लिहिणाऱ्यांच्या मनाला शिवलाही नसावा. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने काय केले? या आस्थापनांतला कामाचा दिवस नऊ तासांवरून दहा तासांवर नेण्यास मंजुरी दिली! उद्योगस्नेही धोरण म्हणून त्याचे कौतुक झाले. त्या दहाव्या तासाची किंमत कोणाच्या हृदयाने मोजायची, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. आम्ही तो विचारतो.

ही भीती आजची नव्हे. १९५३ साली जेरी मॉरिस या ब्रिटिश संशोधकाने लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गाडी एक, रस्ता एक, मालक एक, धूरही एकच. तरी पाळीभर बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार अधिक गाठत होता आणि दिवसभर जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांना कमी. टपाल खात्यातही तेच चित्र दिसले : पत्रे वाटत फिरणारा पोस्टमन टेबलाशी बसणाऱ्या कारकुनापेक्षा सुरक्षित. याला सत्तर वर्षे उलटून गेली. इतक्या काळात आम्ही खुर्च्या तेवढ्या मऊ केल्या!

शरीराचा हिशेब सरळ आहे. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि पायांतले रक्त वर ढकलतात. बसलेल्या माणसाचे हे स्नायू निपचित पडतात. पायांतल्या रक्तवाहिन्यांमधला प्रवाह मंदावतो आणि त्यांच्या आतल्या अस्तराची सैलावण्याची ताकद कमी होते. जेवणानंतर रक्तात आलेली साखर स्नायू उचलत नाहीत, चरबीही रेंगाळते. हे रोज, वर्षानुवर्षे चालू राहिले की त्याचा भार हृदयावर येतो. त्यातून आमची माती आधीच नाजूक. बावन्न देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका येण्याचे मध्यक वय ५३ निघाले, इतरत्र ते जवळपास ५९ होते. मुलीचे लग्न व्हायचे असते, घराचे हप्ते फिटायचे असतात, आणि कर्ता माणूस जातो.

‘आम्ही रोज सकाळी फिरायला जातो’ असे सांगणाऱ्यांना आम्ही खोटे पाडत नाही. दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवर आधारलेल्या, २०१६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या विश्लेषणानुसार रोज तास-सव्वा तास मध्यम व्यायाम केला, तर आठ तासांहून अधिक बसण्याने वाढणारा मृत्यूचा धोका नाहीसा होतो. पण रोजचा तास-सव्वा तास कोणाच्या नशिबी? भारतातले जवळपास निम्मे प्रौढ आठवड्याला दीडशे मिनिटेही हालचाल करत नाहीत, असा २०२२ चा अंदाज आहे. लोकलला दीड तास लोंबकळून घरी पोचणाऱ्या, आणि पोचताच ओट्याशी उभ्या राहणाऱ्या बाईला ‘जिमला जा’ म्हणणे हा उपदेश नव्हे, क्रूरपणा आहे. उपाय तिच्या कामाच्या जागीच व्हायला हवा. आणि तो मुळीच महाग नाही. कोलंबिया विद्यापीठात २०२३ मध्ये झालेल्या प्रयोगात आठ तास बसलेल्या माणसांना दर अर्ध्या तासाने पाच मिनिटे चालवले, तर जेवणानंतरची साखरेची उसळी ५८ टक्क्यांनी घटली. तासाला एकच मिनिट चालल्यानेही रक्तदाब चार-पाच अंकांनी उतरला. प्रयोग अकराच जणांवर होता, हे आम्ही लपवत नाही. पण अशी पाच मिनिटे देताना मालकाचे काय बुडणार आहे?

बुडते ते कामगाराचे, आणि अन्याय नेमका इथेच आहे. सोलापुरातल्या विडी कामगार बाईकडे पाहा. मांडीवर सूप, सुपात तेंदूपत्ता आणि तंबाखू, मान खाली, पाय दुमडलेले. मजुरी हजार विड्यांवर ठरते. तिला सक्तीने बसवायला मुकादमाची गरज नाही, मजुरीचा दरच तिला जखडून ठेवतो. ती उठली की विड्या कमी, विड्या कमी की चूल अर्धी. तिकडे कॉल सेंटरमधल्या पोराचा लघवीला जाण्याचा वेळही पडद्यावर सेकंदांत मोजला जातो. शेकडो मैलांच्या अंतराने जगणारी ही दोघे एकाच फासात अडकली आहेत : हलणे म्हणजे पैसे कापले जाणे. हा फास व्यक्तीच्या निर्धाराने सुटत नसतो. तो कायद्यानेच सोडवावा लागतो.

केंद्राच्या आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये कार्यालयांसाठी पाच मिनिटांच्या योगविरामाचा कार्यक्रम आणला. कल्पना चांगली होती. पण जो विराम घेतल्यावर साहेब घड्याळाकडे पाहतो, तो विराम कोण घेईल? हक्काशिवायची सवलत भित्र्या माणसाच्या वाट्याला कधीच येत नाही. आणि उंच टेबले आणून दिवसभर उभे करणे हाही तोडगा नव्हे. दिवसभर उभ्याने पायांच्या शिरा फुगतात. हवे आहे ते उठणे, चार पावले चालणे आणि पुन्हा कामाला लागणे.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. २०१७ च्या अधिनियमात नवे कलम घाला : बसून काम करणाऱ्या प्रत्येकाला दर तासाला किमान पाच मिनिटे जागेवरून उठण्याचा हक्क, तोही पगार न कापता आणि कामाच्या मोजणीतून वगळून. विडी कामगारांच्या हजारी दरात या मिनिटांची मजुरी मिळवा आणि दर तेवढा वाढवा. एसटीच्या लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरांचे वेळापत्रक असे आखा, की थांब्यावर त्यांना खाली उतरून चालता येईल. शाळांत प्रत्येक तासिकेनंतर मुलांना बाकावरून उठवा, खाजगी क्लासांनाही हा नियम लावा. हे कलम येत्या अधिवेशनात मांडा आणि दहाव्या तासाला दिलेली मंजुरी त्याच दिवशी मागे घ्या.