जुनी तक्रार आज उघडा, आजच तपासा!

लिबरऑफिस वापरणाऱ्या सर्व मराठी भाषकांना कळकळीचे आवाहन.

रायटरमध्ये जोडाक्षर तुटते, पीडीएफ करताना वेलांटी सरकते, अशी तक्रार तुम्ही पूर्वी बगझिला या लिबरऑफिसच्या तक्रार-नोंदवहीत नोंदवली असेल, तर ती आजच उघडून पाहा. २०१७ साली आलेल्या ५.३ आवृत्तीपासून लिबरऑफिसने अक्षरजुळणीचे काम हार्फबझ या एकाच इंजिनाकडे सोपवले. त्याआधी विंडोज, मॅक आणि लिनक्सवर ते वेगवेगळ्या यंत्रणा करत. त्यामुळे त्यापूर्वीच्या देवनागरी तक्रारींपैकी कोणत्या मिटल्या आणि कोणत्या उरल्या, हे फाइल पुन्हा उघडल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही.

घाई अशासाठी, की चाचणी पथकाने माहिती मागितल्यावर तक्रार 'नीडइन्फो' या वर्गात जाते. अनेक महिने उत्तर आले नाही, तर स्मरणपत्र येते. त्यालाही उत्तर नसेल, तर अपुऱ्या माहितीचा शेरा मारून ती बंद होते. दोष मात्र जागच्या जागी राहतो. खात्री पटलेल्या तक्रारीवर वर्षभर हालचाल नसेल, तरी फेरतपासणीची विनंती येते. यंत्राने पाठवलेला मेल म्हणून ती कचऱ्यात टाकू नका.

एवढेच करा:

१. ताजी आवृत्ती घेऊन तीच कृती पुन्हा करा.
२. दोष गेला असेल, तर तसे लिहून तक्रार बंद करा.
३. दोष असेल, तर आवृत्ती, संगणकप्रणाली, फॉन्टचे नाव आणि कृतीच्या पायऱ्या लिहा.
४. दोन ओळींची नमुना फाइल जोडा. ती सर्वांना दिसते, म्हणून खासगी मजकूर आधी काढा.
५. पूर्वीच्या आवृत्तीत हेच नीट चालत होते, हे ठाऊक असेल तर आवर्जून सांगा. बिघाड कोणत्या बदलामुळे शिरला, हे त्यावरून शोधता येते.

'मलाही हाच त्रास आहे' एवढेच लिहून थांबू नका. त्याने काहीच कळत नाही.

स्वतःची तक्रार नसेल, तर कोणाचीतरी देवनागरीची पडून राहिलेली तक्रार तपासा. 'वाऱ्या'तला 'ऱ्या' नीट उमटला की नाही, हे मराठी वाचणाराच ओळखतो. देवनागरी न येणाऱ्या प्रोग्रामरला चूक आणि बरोबर सारखेच दिसते. त्यामुळे हे काम आपलेच आहे. येत्या रविवारी एक तास काढा आणि निदान एका तक्रारीचा निकाल लावा.